बिघडवलेली जवारी

एकदा एका तंबोऱ्याच्या कारखान्यात एक मुलगा शिकायला आला, आणि थोड्याच दिवसांत त्याच्या लक्षात आलं की इथे शिकवत कुणीच नाही.

कारखाना म्हणजे फार मोठं काही नव्हे. वाद्यांसाठी नावाजलेलं एक जुनं गाव, गावात एक अरुंद गल्ली, गल्लीत ओळीने दुकानं आणि त्यातल्या एका दुकानात छतापर्यंत रचलेले वाळके भोपळे. खाली भुसा, हवेत लाखेचा वास, आणि मधोमध पोत्यावर बसलेले गुलाबचाचा. आपलं वय किती ते चाचांनाही नक्की सांगता येत नसे. पण तंबोरा बोलेनासा झाला की लांबलांबचे गवई तो पाठीला लावून त्यांच्याच दारात येत.

मुलाचं नाव सुमेध. पॉलिटेक्निक अर्ध्यावर सोडलेला. वर्गात मास्तर फळ्यावर लिहीत आणि पोरं वहीत उतरवत. यंत्राला हात लावायचा तर म्हणे परीक्षेच्या दिवशी. त्याला ते सोसलं नाही. घरी बापाने तोंडसुख घेतलं, नातेवाइकांनी त्यात मीठ-मसाला घातला, आणि शेवटी आईने कुणाच्या तरी ओळखीने त्याला चाचांच्या दुकानात आणून सोडलं. चाचांनी त्याला वरून खाली न्याहाळलं आणि म्हणाले, “बस. बघत राहा.”

सुमेध बघत राहिला. भोपळे उन्हात मांडले, आत आणले. लाकडाला पॉलिश पेपर घासला. चहा आणला, कप विसळले. एक पावसाळा गेला, त्यामागून हिवाळा गेला. हातात पॉलिश पेपराच्या पुढचं हत्यार आलं नाही.

तंबोऱ्यात सगळ्यात नाजूक काम जवारीचं. तारा ज्या हाडाच्या पट्टीवर टेकतात तिला कारागीर घोडी म्हणतात. त्या घोडीची पाठ कानशीने इतकी हलकेच घासायची, की तार तिच्यावर टेकली तर पाहिजेच, पण अडकता कामा नये. हे जमलं की तार छेडल्यावर आवाज फुलत जातो, एका सुरातून दुसरे सूर उमलतात, आणि गाणाऱ्याला वाटतं की आपल्यामागे कुणीतरी उभं आहे. यालाच जवारी लागली म्हणतात. नाही जमलं तर तार टणकन वाजते आणि जागच्या जागी मरते. शिवाय लागलेली जवारीही जन्माला पुरत नाही. वाजवून वाजवून तार हाडात बारीक चर पाडते, आवाज बसतो, आणि तंबोरा पुन्हा कारागिराच्या दारात येतो.

हे काम करायला बसले की चाचा पाठ फिरवून बसत. उजेडासाठी, असं त्यांचं म्हणणं. उजेड समोरूनही तेवढाच येत होता.

सुमेधने एकदा धीर करून विचारलं, की चाचा, नेमकं कुठे घासायचं ते कसं कळतं. चाचांनी मान वर केली नाही. आम्ही कुणाला विचारलं होतं, एवढंच बोलून ते कामाला लागले. शेजारच्या दुकानातले एक बुजुर्ग मात्र ऐकत होते. त्यांनी लगेच प्रवचन दिलं की पोरा, विद्या मागून मिळत नाही, ती चोरावी लागते. हेच बुजुर्ग दुकान बंद करताना हत्यारांच्या पेटीला दोन कुलपं लावत.

मग सुमेधने चोरी केली. पण जी चोरायची ती नाही.

चाचा दुपारच्या नमाजाला गेले होते. सुमेधने अडगळीतली एक टाकून दिलेली घोडी काढली, अर्धवट तंबोऱ्यावर बसवली, फोन भोपळ्याला टेकवून उभा केला आणि स्वतःच्या हाताने कानस फिरवताना चित्रित केलं. चित्र झकास आलं. तिरपं ऊन, उडणारी हाडाची पूड, तरणा हात. आवाज मात्र पत्र्याच्या डब्यासारखा. दुकानाच्या कोपऱ्यात चाचांचा स्वतःचा काळा तंबोरा टांगलेला असे. तो विकायचा नव्हता. पाहुण्यांना जवारी म्हणजे काय ते ऐकवायला ठेवलेला. सुमेधने तो खाली घेतला, चार तारा छेडल्या, तो नाद वेगळा टिपला आणि आपल्या हातावर चढवला.

आठवडा उलटायच्या आत तो व्हिडिओ कुठल्या कुठे गेला. परक्या मुलुखातल्या लोकांनी लिहिलं की ऐकून डोळे भरून आले. कुणी त्याला तरुण साधक म्हटलं, कुणी परंपरेचा वारस. सुमेधने दुसरा केला, तिसरा केला. थोडे पैसे येऊ लागले. आईला त्याने गॅसची नवी शेगडी घेतली, आणि त्यात वाईट काहीच नव्हतं.

गल्लीतल्या वडीलधाऱ्यांची त्या दिवसांतली वागणूक पाहण्यासारखी होती. मोबाईलने ही पिढी वाया घालवली असं जे रोज पारावर बसून सांगत, ते दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून दुकानासमोरून फेऱ्या मारू लागले. आपलाही एखादा व्हिडिओ होईल म्हणून. पोराने नाक कापलं असं वर्षभर म्हणणारा बाप चहाच्या टपरीवर स्वतःचा फोन पुढे करून, हा आमचा धाकटा, असं दाखवू लागला. मुलगा काय शिकला हे कुणी विचारलं नाही. किती लोकांनी बघितला, एवढंच विचारलं.

चाचांनी सगळं पाहिलं आणि ते पाठ फिरवून पुन्हा कामाला बसले. त्यांची ती जुनी खोड होती.

लोकांचा जीव लवकर उबतो. चौथ्या-पाचव्या व्हिडिओनंतर आकडे घसरू लागले. सुमेधने कानस जोरात फिरवून पाहिली, मग डोळ्यांवर पट्टी बांधून पाहिली. एकदा एक चांगला भोपळा मुद्दाम फरशीवर आपटला. तो व्हिडिओ सगळ्यांत जास्त चालला. त्या दिवशी सुमेधला जेवण गेलं नाही. पण का, ते त्याने स्वतःला विचारलं नाही. त्यातच एका ॲपवाल्याचा फोन आला. घरबसल्या झटपट कमाई करून देणारं ॲप होतं. सुमेधने फक्त कॅमेऱ्यासमोर म्हणायचं, की मी कारागिरी सोडली आणि याच्यावर कमावतो. बदल्यात मोठी रक्कम आणि पुण्यात राहायची सोय. सुमेधने होकार कळवला. आठवड्याभरात निघायचं ठरलं.

आणि नेमक्या त्याच आठवड्यात शरयूबाई आल्या.

शरयूबाई अमरावतीकडच्या. केस पिकलेल्या, अंगाने किरकोळ, आवाजाने खणखणीत. मुलींना गाणं शिकवत. गोधडीत गुंडाळलेला तंबोरा त्यांनी बाळासारखा मांडीवर घेतला आणि सांगितलं, की हा माझ्या गुरुजींचा. गुरुजी नव्वदीला आलेत, अंथरुणावर आहेत, पण कान अजून शाबूत. तंबोरा बसलाय. घोडी बदललेली त्यांना चालणार नाही, कारण ती त्यांच्या गुरूंनी बसवलेली. आता हाड झिजून पातळ झालंय. एकदा नीट काम होईल, एवढंच उरलंय. चुकीचा हात पडला तर संपलं.

चाचांनी घोडीवरून बोट फिरवलं आणि मान डोलावली. बाईंचं निदान बरोबर होतं.

मग बाई म्हणाल्या, “पण हे काम मला त्या व्हिडिओतल्या मुलाकडून करून हवंय.”

 आता चाचा खरं काय ते सांगून टाकतील अशी सुमेधची खात्री झाली. चाचांनी बाईंकडे पाहिलं, सुमेधकडे पाहिलं, आणि शांतपणे म्हणाले, “हा बसलाय बघा. करेल तो. रविवारी या.”

बाई गावात नातलगांकडे उतरल्या होत्या. त्या उठून गेल्या. सुमेधला हायसं वाटलं. त्याने मनात हिशोब मांडला, की चाचांनी आपली लाज राखली. जवारी चाचा काढतील, बाईंना ती माझी म्हणून देता येईल, आणि सोमवारी मी पुण्याच्या गाडीत. वर आणखी एक झकास व्हिडिओ. तो फोन हातात घेऊन चाचांसमोर बसला.

चाचा उठले. बाईंचा तंबोरा त्यांनी गोधडीसकट फळीवर ठेवला. कोपऱ्यातला आपला काळा तंबोरा खाली घेतला आणि मांडीवर आडवा केला. चारही तारा एकामागून एक छेडल्या. दुकान त्या नादाने काठोकाठ भरलं. समोरच्या दुकानातला रंधा थांबला. चाचा डोळे मिटून तो आवाज पार विरेपर्यंत ऐकत राहिले. मग त्यांनी तारा सैल करून बाजूला सारल्या, पेटीतली सगळ्यात जाड कानस काढली आणि तिची धार घोडीच्या पाठीवर आडवी दाबून ओढली. एकदा, आणि मग पुन्हा.

तारा परत जागेवर आणून, ताणून त्यांनी छेडल्या. टण. ज्या आवाजाने परमुलखातली माणसं रडली होती, त्या आवाजाचा डबा झाला होता.

सुमेध ओरडलाच. असं वेड्यासारखं कुणी करतं का, इतकी लागलेली जवारी होती ती, असं काहीबाही तो बोलत सुटला. चाचांनी त्याला बोलू दिलं. मग एक बारीक कानस त्याच्यापुढे धरली.

“लाव.”

“मी?”

“तूच. लोकांनी हा आवाज तुझ्याच हातचा म्हणून ऐकलाय. मग परत काढ. रविवारपर्यंत हा लागला, तर बाईंचा तंबोरा तुझ्या हातात. नाही लागला, तर व्हिडिओत आवाज कुणाचा होता ते बाईंना तू सांगायचं. मी सांगणार नाही.”

तेव्हा मात्र सुमेधच्या आत साचलेलं सगळं बाहेर आलं. आजवर तो मोठ्यांसमोर गप्प बसला होता, कारण गप्प बसणाऱ्यालाच या देशात संस्कारी म्हणतात. आज तो गप्प बसला नाही.

“चाचा, पहिल्या दिवशी तुम्ही मला म्हणालात बघत राहा. मी बघितलं. तेच लोकांना दाखवलं. माझं चुकलं काय? करून बघ असं कधी म्हणालात? पाठ फिरवून बसत होता. एकदा विचारलं तर, आम्ही कुणाला विचारलं होतं. कॉलेजात तेच, घरी तेच, इथेही तेच. तुम्ही लोक दार लावून घेता आणि पोरगं खिडकीतून उडी मारून गेलं की रडता, पिढी बिघडली म्हणून. व्हिडिओ केला तेव्हा निदान कुणीतरी माझ्या हाताकडे बघितलं.”

 शेजारचे बुजुर्ग पुढे सरसावले. त्यांना उर्मट पोरांना सरळ करायची फार हौस. चाचांनी हाताने त्यांना थांबवलं.

“याचं खरंय,” ते म्हणाले. “मी पाठ फिरवत होतो. हा शिकला तर आपली किंमत काय उरेल, असं वाटत होतं. ते भय माझं. त्याची शिक्षा याला झाली. म्हणून कानस पुढे केलीय. पण पोरा, तूही एक ऐक. माझा आवाज तुझ्या फोनमध्ये गेला, तुझ्या हातात नाही आला. जे लोकांनी उचलून धरलं ते लोकांचंच असतं. उद्या त्यांनी सोडलं की तुझ्यापाशी काय? भोपळा फोडलास, पुढच्या खेपेला काय फोडशील? एकदा जमलेली गोष्ट नशिबानेही जमते. ती पार बिघडली, आणि तरी ती पुन्हा करता आली, तरच ती विद्या. मी माझा तंबोरा का बिघडवला विचारतोस? मला भीती वाटली नाही म्हणून. तुझा तो पहिला व्हिडिओ आज पुसला, तर उद्या तसाच दुसरा तुला करता येईल?”

 येणार नाही, हे सुमेधला गेले कित्येक दिवस माहीत होतं.

त्याने कानस घेतली.

आणि त्या दिवसापासून चाचा समोर तोंड करून बसले. तार ओढून घोडीवर घासायची, म्हणजे हाडावर एक चकचकीत रेघ उमटते; ती रेघ कुठे तुटते ते पाहायचं, तार तिथेच अडकतेय. तिथे कानस. तीसुद्धा ढकलायची नाही, नुसती फिरवायची. इतकं साधं होतं, आणि इतके दिवस एका पाठीआड झाकलेलं होतं. हे ऐकताना सुमेधला पुन्हा राग आला. पण हात चालू होता, त्यामुळे तो राग हाताला फारसा लागला नाही.

आडव्या चिरा घालवायला पहिले दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी दुपारी सुमेधने तारा छेडल्या आणि तो उडालाच. आवाज झणझणत, लखलखत बाहेर आला. त्याने लगेच फोनवर टिपून ऐकला. फोनवर तर तो चाचांच्या जुन्या आवाजापेक्षाही सरस वाटला. धावत जाऊन त्याने चाचांना फोन ऐकवला.

चाचांनी फोन बाजूला ठेवला. “गल्लीच्या टोकाला जाऊन उभा राहा,” ते म्हणाले. “मी वाजवतो.”

सुमेध टोकाला गेला. जवळून जो आवाज कानठळ्या बसवत होता, तो तिथपर्यंत पोचलाच नाही. झणझणाट दुकानाच्या उंबऱ्यातच सांडला, आणि खाली खर्ज, म्हणजे शेवटच्या तारेचा सगळ्यात खालचा सूर, उरलाच नव्हता. सुमेध परत आला तो पडलेल्या चेहऱ्याने. आपण कुठे घसरलो ते त्याला चाचांनी सांगायच्या आधीच उमगलं होतं. फोनच्या चिमुकल्या कर्ण्यातून खर्ज कधी येतच नाही, येतो तो वरचा झणकारा. आणि गेले कित्येक महिने तो कानाने नव्हे, त्या कर्ण्याने ऐकत होता. त्या कर्ण्याला गोड लागेल अशी त्याने घोडीची पाठ सपाट करून ठेवली होती. चाचा म्हणाले की अशी जवारी पहिल्या दिवशी सगळ्यांना खूश करते. महिन्याभरात तार हाड खाते, आणि पुन्हा टण.

“मग आता?”

“आता बिघडवायला मी नको. तुझं तू बिघडव आणि पुन्हा लाव.”

सुमेधने स्वतःच्या हाताने, स्वतःच लावलेला तो लखलखाट उतरवला.  आणि ते केल्यावर त्याला एक विलक्षण गोष्ट जाणवली: भीती गेली होती. जे मोडता येतं आणि पुन्हा जोडता येतं, त्याच्यावर माणूस निवांत टेकू शकतो. इतके महिने तो सकाळी उठून आधी आकडे बघत असे आणि दिवस कसा जाणार ते आकड्यांवर ठरत असे. आता दिवस कसा जाणार ते त्याच्या मनगटावर ठरत होतं.

मधेच ॲपवाल्याचा फोन आला. सुमेधने थोडे दिवस थांबता येईल का, असं विचारलं. पलीकडचा माणूस हसला आणि त्याने फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी तेच वाक्य दुसरा एक मुलगा कॅमेऱ्यासमोर म्हणत होता, की मी कारागिरी सोडली. त्या मुलाने कुठली कारागिरी केली होती ते देवालाच ठाऊक. आपली जागा एका रात्रीत भरली गेली हे पाहून सुमेधला आधी चटका बसला, आणि मग हलकं वाटलं.

रविवार उजाडला. काळ्या तंबोऱ्याची पहिली तार बोलत होती. मधल्या, एकाच सुरात लावलेल्या जोडाच्या दोन्ही तारा बोलत होत्या. गल्लीच्या टोकाला उभं राहिलं तरी ऐकू येत होत्या. खर्ज मात्र अजून घशात अडकलेला. सुमेधने सकाळभर झटापट केली. चाचांनी एकदाही कानस त्याच्या हातातून घेतली नाही, आणि त्यांच्या वयाच्या माणसाला ते किती जड गेलं असेल याची कल्पना ज्यांना आहे, त्यांनाच आहे.

शरयूबाई आल्या. चहा झाला. चाचा भोपळे नीट लावण्याच्या मिषाने दुकानाच्या मागे गेले. सुमेध बाईंसमोर बसला. त्याला पळून जावंसं वाटत होतं. पण समोर फळीवर गोधडीत गुंडाळलेला तो तंबोरा होता, आणि त्याच्या घोडीत एकदाच काम होईल एवढं हाड होतं.

“ताई,” तो म्हणाला, “व्हिडिओत हात माझा आहे. आवाज चाचांचा. मी त्याच्यावर चढवलेला.”

बाईंच्या चेहऱ्यावरची रेष हलली नाही. “ते मला पहिल्याच दिवशी कळलं होतं,” त्या म्हणाल्या. “कानस चालू आहे आणि तार वाजतेय. असं कधी होतं का रे? घासताना तारा बाजूला काढतात. जगाला फसवलंस, पण मी चाळीस वर्षं या खुंट्या पिळतेय.”

सुमेधचे कान लाल झाले. मग सगळं ठाऊक असून तुम्ही मलाच का मागितलंत, असं त्याने विचारलं. बाईंनी आधी दुकानाच्या मागे वाकून पाहिलं, चाचा लांब आहेत याची खात्री केली, आणि आवाज उतरवून म्हणाल्या:

“चाचांचे हात आता कापतात. आजची जवारी ते लावतीलच. पण पुढे माझ्याकडे शिकणाऱ्या मुलींच्या हातात हा तंबोरा जाईल, तेव्हा नवी घोडी बसवून तिची जवारी कोण लावणार? मी गावोगाव विचारलं. सगळीकडे म्हातारे, आणि सगळे म्हणतात आजकालची पोरं शिकत नाहीत. एका दुकानात पोरगं आहे हे कळलं ते तुझ्या त्या खोट्या व्हिडिओमुळे. म्हटलं, खोटारडा असेना, पण कानशीजवळ बसलाय. जाऊन बघावं.”

एवढं बोलून त्यांनी काळा तंबोरा मांडीवर घेतला आणि छेडला. पहिली तार, जोड, जोड. त्यांचे डोळे किंचित मिटले. चौथी तार वाजली तशा त्या खुदकन हसल्या. “खर्ज सर्दीने बसलाय.”

“हो,” सुमेध म्हणाला. “तो अजून येत नाही मला.” आणि हे वाक्य म्हणताना त्याला लाज वाटली नाही, कारण त्या वाक्यात पहिल्या तीन तारांचं खरेपणही होतं.

बाईंनी फळीवरचा तंबोरा काढून गोधडी उलगडली. चाचांना हाक मारली. तिघांत फार बोलणं झालं नाही. गुरुजींच्या घोडीवर पहिल्या तीन तारांची बाजू सुमेधने घासायची, खर्जाची चाचांनी, असं ठरलं. शेजारचे बुजुर्ग दारात येऊन म्हणाले की एवढ्या मोलाच्या वस्तूला कच्चा हात कशाला. बाईंनी त्यांना विचारलं, की तुमच्या दुकानात पक्का हात किती जणांचा तयार झाला. बुजुर्ग आपल्या दुकानात परत गेले.

सुमेधने तार घासली, रेघ पाहिली. रेघ कुठे तुटत होती ते त्याला दिसलं. त्याने श्वास रोखला आणि कानस फिरवली. चाचा त्याच्यासमोर गुडघे मोडून बसले होते, पोराच्या मनगटाकडे डोळे लावून. एरवी पोराने त्यांच्याकडे बघावं तसे. दुपार कलली तेव्हा खर्जाचं काम चाचांनी पुरं केलं. कापऱ्या हाताने, पण पुरं केलं. शेवटी तारा चढल्या, खुंट्या पिळल्या गेल्या, आणि बाईंनी तो तंबोरा खांद्याला लावून षड्ज लावला, तसा समोरच्या दुकानातला रंधा पुन्हा थांबला.

पुढचं सांगण्यासारखं थोडं आहे. सुमेधने फोन काही विहिरीत फेकला नाही. अजूनही तो व्हिडिओ करतो. त्यात जवारी बिघडते, कधी लागते, कधी नाही, आणि जो आवाज असतो तो त्याच तंबोऱ्याचा असतो. फार लोक बघत नाहीत. जे बघतात, त्यांतले काही गोधडीत गुंडाळलेले तंबोरे घेऊन गल्लीत येतात आणि विचारतात, की चाचा आहेत का. आणि चाचा कुठे बाहेर गेले असतील, तर म्हणतात, बरं, मग सुमेध आहे ना.

ही कथा घरातल्या तरुणांना वाचून दाखवण्याआधी थोरामोठ्यांनी एवढंच तपासावं, की त्यांच्या हातून फोन काढून घेताना त्या रिकाम्या हातात आपण काय ठेवतो आहोत.